ज्यांच्यावर लिहिलंत, त्यांना एकदा वाचून दाखवा

मराठीत कथा, कादंबऱ्या, रिपोर्ताज लिहिणाऱ्या आणि त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांना,

सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. या कामाला एकोणीस वर्षं झाली. वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे शासनमान्य ग्रंथालयांतली सगळ्यात खालची पायरी. दोन खोल्या, सहा कपाटं, एक लांब टेबल आणि बाहेर पेपर वाचायला बाकडं. वर्षाचं अनुदान लाखाच्या आत. त्यातच माझं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रांचं बिल, आणि उरेल त्यात पुस्तकं. त्यामुळे आमच्याकडे नवं पुस्तक येतं ते चार यादींतून निवडून, दोनदा खोडून, पैसे मोजून आलेलं असतं. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडायच्या आधी मी ते चाळून बघते, मग खाकी कव्हर घालते. तुमच्यातल्या बहुतेकांना मी कधी भेटले नाही, पण तुमची पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्या नात्यानं हे पत्र लिहिते आहे.

आमचा भाग लेखकांना आवडतो. शिवनेरी आहे, नाणेघाट आहे, माळशेज आहे. पश्चिमेला डोंगरात महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत, तिथं हिरड्याच्या दिवसांत बायापोरं रानात असतात. उसात बिबट्या आहे. आणि नारायणगावला पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं येऊन सुपारी ठरवतात, तेव्हा त्यांच्या मागोमाग वही आणि मोबाइल घेऊन लिहिणारेही येतात. आम्हाला त्याचं अप्रूप वाटतं. दारात आलेल्या माणसाला पाणी देतो, जेवायला बसवतो, विचारलं ते सांगतो. न विचारलेलंही सांगतो, कारण कुणी इतकं कान देऊन ऐकतं असं रोज कुठं होतं?

नारायणगावात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक गोष्ट हवीच असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची. भरल्या दिवसांत नाचत असताना कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट मोठीच आहे. पण विठाबाईंनी उभा जन्म फड चालवला, राष्ट्रपती पुरस्कार मिळवला, आणि 2002 साली गेल्या त्या हलाखी सोसून. फड कसा चालतो, ट्रकचं भाडं कुठून येतं, कनात कुणाकडून घेतात, पाऊस पडून दोन खेळ बुडाले तर कर्ज कुणाच्या डोक्यावर चढतं, याबद्दल विचारणारे फार थोडे. बाळंतपणाची गोष्ट मात्र वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिली जाते. तिच्यातलं दुःख सगळ्यांनी उचललं, तिच्यातला धंदा कुणाला दिसला नाही.

मी हे पत्र लिहायला बसले ते मात्र एका दुसऱ्या बाईंमुळे. त्यांचं नाव मी इथं देणार नाही. का, ते पुढे कळेल. आम्ही त्यांना मावशी म्हणतो.

मावशी सव्वीस वर्षं तमाशात होत्या. पायांनी साथ सोडल्यावर त्या आमच्या गावात बहिणीजवळ येऊन राहिल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी एक लेखक त्यांच्याकडे तीन दिवस येत होते. माणूस वागायला चांगला होता. मावशींच्या हातची भाकरी आणि झणझणीत आमटी आवडीनं खाल्ली, जाताना लुगडं दिलं. चार वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं, गाजलं, वर्तमानपत्रात परीक्षणं आली. आमच्या समितीनं ते घेतलं. मी वाचायला लागले आणि विसाव्या पानावर थांबले. नाव बदललेलं होतं, पण ही मावशीच होती. देवळामागचे दोन पिंपळ होते, बहिणीच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं, अगदी डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा होता.

मावशींना अक्षरओळख नाही. मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तीन दुपारी वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी त्या हसल्या, लाजल्या, मध्येच दुरुस्त्या सांगितल्या. “तो ढोलकीवाला नव्हता, तो सोंगाड्या.” दुसऱ्या दिवशी गप्प बसून ऐकलं. तिसऱ्या दिवशी एक प्रसंग आला. खेळ संपल्यावर नायिका राहुटीत एकटी बसते, पायांतले चाळ सोडता सोडता रडायला लागते आणि पहाटेपर्यंत रडत राहते. परीक्षणांत याच प्रसंगाचं सगळ्यात जास्त कौतुक झालं होतं.

मावशी म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“मी कवा रडले गं? मी त्या राती हिशोब केला. त्यांना सांगितलं होतं मी तसं.”

मग त्यांनी आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. फडात असतानाची. झाकण उघडून आतली बाजू मला दाखवली. पत्र्यावर काजळाच्या रेघा ओढलेल्या होत्या. सहा उभ्या, त्यांच्यावर एक आडवी. अशा ओळीच्या ओळी, काही पुसट, काही बोटानं मुद्दाम पुसलेल्या. हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतलेली असायची. किती खेळ झाले म्हणजे ती फिटते, आजारपणाचे किती दिवस कापले, हे मॅनेजरच्या वहीत असायचं, आणि ती वही त्यांना वाचता यायची नाही. म्हणून त्या रोज रात्री एक रेघ ओढायच्या. ज्या रात्रीबद्दल लेखकानं लिहिलं, त्या रात्री त्यांच्या ध्यानात आलं होतं, की मॅनेजरच्या वहीपेक्षा आपल्या झाकणावर अकरा रेघा जास्त आहेत. दुसऱ्या दिवशी त्या मालकाकडे पेटीचं झाकण घेऊन गेल्या. बिजागरीच काढून नेलं. अकरापैकी आठ दिवस त्यांनी मान्य करून घेतले.

सांगा, यातली कुठली रात्र लिहिण्याजोगी होती? रडणारी बाई तुम्हाला हजार पुस्तकांत सापडेल. काजळानं पत्र्यावर हजेरी मांडून मालकापुढे झाकण आपटणारी बाई मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही. तीन दिवस समोर बसून ती लेखकाच्या हाताशी आली होती आणि हातची गेली, कारण तमाशातली बाई म्हणजे रडणारच हे त्यांच्या मनात गावात येण्याआधीच ठरलेलं असावं. छपाईच्या आधी त्यांनी एकदा येऊन ते चार पानांचं प्रकरण मावशींना वाचून दाखवलं असतं, तर मावशींनी त्यांनाही “पुन्हा वाच” म्हटलं असतं आणि पेटी आणली असती.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी पत्र लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी मावशींच्या नातीची सोयरीक ठरत होती. तिकडच्या मंडळींत एक वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन पिंपळ आणि पंक्चरचं दुकान ओळखलं. मावशी तमाशात होत्या हे त्या घरात कुणी लपवलं नव्हतं, पण पुस्तकात लेखकानं कथानकासाठी जोडलेलं एक प्रकरण होतं, जे मावशींच्या आयुष्यात घडलंच नव्हतं. ते खरं की खोटं, हे भर बैठकीत चार पुरुषांसमोर त्यांना सांगावं लागलं. सोयरीक मोडली नाही. पण बैठकीनंतर मावशी दोन महिने वाचनालयाच्या रस्त्यानं आल्या नाहीत.

मी प्रकाशकांच्या पत्त्यावर लेखकांना सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरी आवृत्ती आली, तिच्यात तो प्रसंग तसाच आहे.

मी मावशींना विचारलं होतं, हे पुस्तक कपाटातून काढून टाकू का? त्यांनी मान हलवली. “काढू नको. त्याच्या खाली लिही, असं नव्हतं म्हणून.” ग्रंथपालानं पुस्तकात लिहिणं आमच्या कामात बसत नाही. तरी मी शिसपेन्सिलीनं त्या पानाच्या समासात मावशींनी सांगितलं तसं लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक आजही देवघेवीत आहे.

आता मला तुम्हाला आमच्याच भागातली एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली लिहून पुरा केला. ज्या शेतकऱ्यांसाठी तो लिहिला त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मग जोतीरावांनी काय केलं? हस्तलिखित काखेत मारून ते गावोगाव गेले आणि लोकांना वाचून दाखवलं. कुठं कुठं वाचलं त्याची नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आहे. पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर, वंगणी अशी नावं त्यात आहेत, आणि जुन्नर आणि ओतूरही आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. पण माझं मन राजवाड्यापेक्षा ओतुराशी अडतं, कारण ओतूरच्या कांदा मार्केटला आमच्या गावातनं रोज गाड्या जातात. तिथं कधीतरी, कुणाच्या तरी ओसरीवर, कुळकर्ण्याच्या दप्तराला आणि सावकाराच्या वहीला गांजलेली माणसं बसली असतील आणि त्यांच्याचबद्दल लिहिलेलं त्यांच्याच तोंडावर कुणी वाचत असेल. त्यातलं एखादं वाक्य चुकलं असतं तर तिथल्या तिथं कुणीतरी ‘तसं नाही तात्या’ म्हटलं असतं. तो संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत एकत्र छापून निघाला नाही. म्हणजे पुस्तकाचं तोंड कुणी बघण्याआधी ते ज्यांचं होतं त्यांच्या कानावरून गेलं होतं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1885 साली, न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण दिलं, तेव्हा ते गेले नाहीत. नकाराचं पत्र लिहिलं. जे लोक इतरांना माणसाचे हक्क खुल्या दिलानं देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांतल्या भावार्थाशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. संमेलनाच्या दिवसांत या पत्राची आठवण दरवर्षी काढली जाते, आणि काढायलाच हवी. पण मला वाटतं त्या नकाराच्या मागं ओतूरच्या त्या ओसरीचं बळ होतं. ज्याला आपला वाचक, आपला श्रोता कोण हे पक्कं ठाऊक आहे, त्यालाच अशा सभेला नाही म्हणता येतं.

ओव्यांचं बघा. आमची आजी जात्यावर गायची, तशा घरोघरच्या बायका गायच्या. कितीतरी संग्रह निघाले आणि बहुतेक ठिकाणी गाणारीचं नाव पुसलं गेलं. ‘लोकगीत’ म्हटलं की झालं, जणू लोक नावाचा कुणी एकच इसम दळत बसला होता. याच्या उलट पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांना बरोबर घेऊन काम उभं केलं. हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि कुठली ओवी कुणी म्हटली, कुठल्या गावची बाई, हे टिपून ठेवलं. पुढे काही वर्षांनी पुन्हा त्या गावांत माणसं गेली, गाणाऱ्या बायकांना शोधून त्यांच्याच पुढ्यात त्यांच्या ओव्या ठेवल्या, हयात नसलेल्यांच्या लेकीसुनांना ऐकवल्या. त्या ध्वनिफिती मी आमच्या वाचनालयात महिला दिनाला लावल्या होत्या. कांदाकाटणीवरून आलेल्या बायका उभ्या उभ्या ऐकत होत्या. एकीनं पुढची ओळ आधीच म्हटली.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आता एक प्रश्न आला असेल, तो मी ओळखून आहे. लोकांना विचारून लिहायचं ठरवलं तर खरं लिहिता येईल का? सावकाराबद्दल सावकाराला विचारून लिहायचं का? जातपंचायतीबद्दल पंचांची सही घेऊन लिहायचं का? नाही. असं माझं म्हणणं मुळीच नाही. दलित आत्मकथनं येऊ लागली तेव्हा त्याच समाजातल्या काही शिकल्यासवरल्या माणसांनी नाकं मुरडली होती, जुना उकिरडा कशाला उकरता म्हणून. त्या लेखकांनी ऐकून घेतलं आणि तरीही लिहिलं. बरं झालं लिहिलं. आमच्या वाचनालयात त्या पुस्तकांची पानं हाताळून मऊ झाली आहेत. बाबूराव बागुलांच्या कथा एका मुलानं सलग तीनदा नेल्या, दर वेळी मुदत वाढवून.

मी परवानगी मागा म्हणत नाही. ऐकवा म्हणते. ऐकवल्यावर समोरचा चिडला, तरी शेवटी काय लिहायचं ते तुमच्याच हातात आहे. पण चिडलेल्या माणसाच्या डोळ्यात बघून लिहिलेलं वाक्य आणि त्याच्या पाठीमागं लिहिलेलं वाक्य, यांत मला वाचताना फरक कळतो. अण्णाभाऊ साठे शाहीर होते. गिरणगावात कामगारांच्या पुढ्यात, डफाच्या थापेवर ते लाल बावटा कलापथकात उभे राहिले. न पटलेलं तिथल्या तिथं कळत असणार, माणसं उठूनच जात असतील. 1958 साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित-कामगारांच्या तळहातावर तरली आहे असं सांगितलं, तेव्हा ते तळहात त्यांच्या ओळखीचे होते.

आमच्या बाजूच्या चुका मला माहीत आहेत, त्याही सांगते. गावात लेखक आला की आम्हाला आपल्या गावाची स्तुती हवी असते. पुस्तक न वाचता, कुणी मोबाइलवर धाडलेल्या चार ओळींवर आमची पोरं मोर्चाला तयार होतात. एकदा एका कादंबरीत आमच्या बाजूच्या एका समाजाबद्दल काही वावगं आहे असं कळून पंधरा जण वाचनालयात आले होते, पुस्तक बाहेर काढा म्हणत. मी त्यांना खुर्च्या दिल्या, त्यातल्या एकाला ते पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. मग मागचं पान वाचलं, मग पुढचं. तासभर वाचत होता. दोघे-तिघे अजूनही नाराज होते, पण पुस्तक राहिलं, आणि त्यातला एक जण पुढे सभासद झाला. अशा वेळी लेखक स्वतः समोर बसलेला असता तर किती सोपं झालं असतं.

शिवाय पैशांचंही बोलायला हवं. आमच्यावर लिहिलेलं पुस्तक चारशे-पाचशे रुपयांचं असतं. दोन दिवसांची मजुरी मोडून ते कोण घेणार? वाचनालयाची एक प्रत असते, तीही कधी कधी आम्हाला परवडत नाही. ज्यांच्या घरी तुम्ही जेवलात, त्यांच्या घरी एक प्रत पाठवा. पाठवताना आत सही करा आणि कुठल्या पानावर त्यांचं आहे ते कागदाची पट्टी घालून खूण करा. मावशींसारख्या कुणाला वाचता येत नसलं, तरी नातवंडं पट्टी बघून वाचतील.

ओळख लपवायची असेल तर नीट लपवा. नाव बदलणं पुरेसं नाही. गावात माणूस नावापेक्षा त्याच्या पिंपळानं, दुकानानं, भुवईवरच्या व्रणानं ओळखला जातो. काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते त्यांनाच विचारा. मावशींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, व्रण राहू द्या, दुकान काढा.

साहित्य संमेलनं आणि चर्चासत्रं भरवणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. ‘ग्रामीण साहित्य’, ‘भटक्यांचं साहित्य’ असे परिसंवाद तुम्ही ठेवता. 2025 च्या दिल्लीच्या संमेलनाला ताराबाई भवाळकरांसारख्या लोकसाहित्याच्या अभ्यासक अध्यक्ष लाभल्या, याचा मला फार आनंद झाला. पण व्यासपीठावर लेखक, समीक्षक, प्राध्यापक बसतात आणि ज्यांच्यावर लिहिलं ती माणसं ग्रंथदिंडीत लेझीम खेळून घरी जातात. एका परिसंवादात तरी एखाद्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचा, आणि ते ज्यांच्यावर आहे त्यांना आधी बोलू द्या.

राज्यात दहा हजारांहून जास्त सार्वजनिक वाचनालयं आहेत. त्यातलं एखादं तुम्ही ज्या गावावर लिहिताय त्या गावात किंवा शेजारी असतंच. तिथल्या ग्रंथपालाला फोन करा. हस्तलिखित पुरं झालं, पण प्रकाशकाकडे गेलं नाही, अशा वेळी एका संध्याकाळी या. जाहीर कार्यक्रम नको, हारतुरे नकोत, सरपंचांचं भाषण नको. ज्यांच्याशी तुम्ही बोललात ती पाच-सात माणसं आम्ही गोळा करू. सतरंजी आहे, चहा होईल, लाइट गेली तर बॅटरीवरचा दिवा आहे. तुम्ही वाचा, त्यांना बोलू द्या. मध्येच कुणी उठून जाईल, कुणाला झोप लागेल, कुणी भलत्याच विषयावर जाईल. त्यातूनच एखादी पेटी निघेल.

मावशींनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. कानानं कमी ऐकू येतं, पण डाव्या बाजूला बसून जरा मोठ्यानं वाचलं की सगळं कळतं. पेटी पलंगाखाली आहे. गेल्या दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा नातीनं झाकण पुसायला घेतलं होतं, तर त्यांनी हातातून ओढून घेतलं. ते लेखक हे पत्र वाचत असतील तर त्यांना सांगते, मावशींचा तुमच्यावर राग नाही. त्या अजून तुम्हाला ‘आमचे लेखक’ म्हणतात आणि तुम्ही दिलेलं लुगडं त्यांनी अजून मोडलेलं नाही. तिसरी आवृत्ती निघायची असेल तर त्याआधी या. वाचनालय सोमवारी बंद असतं, बाकी रोज संध्याकाळी सातपर्यंत मी तिथंच असते. मी तुम्हाला त्यांच्या घरी घेऊन जाईन.

आपली,
एक ग्रंथपाल,
जुन्नर तालुका, जिल्हा पुणे